जुन्या मँडोलिनचे मोल



वापरलेले मँडोलिन विकत घ्यावयास निघालेला मनुष्य सामान्यतः तीन गोष्टी पाहतो : लाकडावरील रोगणाची चकाकी, ध्वनिछिद्राभोवती बसविलेली शिंपल्याची नक्षी आणि वाद्यावर कोरलेले नाव. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असते. म्हणून वाद्य दाखविताना तो याच तीन गोष्टी उजेडाकडे धरतो. वस्तुतः या तिहींपैकी एकीचाही वाद्याच्या सुराशी थेट संबंध नाही. ज्या गोष्टीवर वाद्याचे आयुष्य आणि त्याची रास्त किंमत अवलंबून असते, ती डोळ्यांना दिसतच नाही. ती गोष्ट म्हणजे तारांचा ताण.

मँडोलिनला आठ तारा असतात. त्या दोनदोनच्या चार जोड्यांनी बसविलेल्या असून व्हायोलिनच्याच स्वरांत, म्हणजे एकमेकींपासून पंचमाच्या अंतराने, लावलेल्या असतात. तारा सुरात आल्या की आठांचा मिळून ताण सत्तर ते ऐंशी किलोच्या घरात जातो. वाद्याचे स्वतःचे वजन मात्र जेमतेम किलोभर. एखाद्या प्रौढ माणसाने एका पातळ लाकडी पेटीवर रात्रंदिवस, वर्षानुवर्षे बसून राहावे, तसा हा प्रकार आहे. पेटी उत्तम बांधलेली असेल तर ती हे ओझे पन्नास-शंभर वर्षे वाहते. नसेल तर हळूहळू दबते, वाकते, उसवते; आणि हे दबणे-वाकणे इतके सावकाश होते की, रोज वाजविणाऱ्याच्याही ते ध्यानात येत नाही. तेव्हा जुन्या मँडोलिनची परीक्षा म्हणजे मुख्यतः या ताणाने आजवर काय केले आहे, याचा शोध होय.

परीक्षेकडे वळण्यापूर्वी मँडोलिनचे मुख्य प्रकार ओळखता आले पाहिजेत, कारण प्रत्येकाचे दुखणे निराळे. सर्वांत जुना प्रकार इटलीतील नेपल्सचा. लाकडाच्या अरुंद फाका एकमेकींना जोडून त्याची पाठ खोलगट, भोपळ्याच्या फोडीसारखी केलेली असते. अठराव्या शतकात नेपल्सच्या विनाच्चिया घराण्याने या वाद्याला नावारूपास आणले. पुढे अमेरिकेत १८९० ते १९२० या काळात मँडोलिनचे वेड पसरले, गावोगावी मँडोलिनवादकांचे मेळे निघाले, आणि शिकागोसारख्या शहरांतील कारखान्यांनी अशी खोलगट पाठीची वाद्ये फार मोठ्या संख्येने तयार केली. बटाट्याच्या पिकावर पडणाऱ्या पट्टेदार किड्यासारखी ही पाठ दिसते, म्हणून तिकडे थट्टेने त्यांना 'बटाट्याचे किडे' म्हणत. दुसरा प्रकार सपाट पाठीचा. तो बनविण्यास सोपा आणि म्हणून बहुधा स्वस्त. तिसरा प्रकार ऑर्व्हिल गिब्सन या अमेरिकन कारागिराच्या कल्पनेतून निघाला. व्हायोलिनप्रमाणे मँडोलिनची पुढची व मागची फळी जाड लाकडातून कोरून, मध्ये फुगीर ठेवून काढावी, ही ती कल्पना. १८९८ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले आणि १९०२ मध्ये मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे त्याच्या नावाची कंपनी निघाली. या घडणीच्या वाद्यांत दोन आकार प्रसिद्ध आहेत : एक थेंबासारखा साधा, त्याला 'ए' म्हणतात, दुसऱ्याच्या खांद्याला शंखाच्या वळणासारखी वेलांटी काढलेली असते, तो 'एफ'. वेलांटी कोरण्यास वेळ फार लागतो, त्यामुळे 'एफ' आकाराची किंमत 'ए'पेक्षा बरीच अधिक असते. आवाजात मात्र त्या वेलांटीमुळे पडणारा फरक कानाला जाणवेल इतका क्वचितच असतो. ज्याला पैसे जपून खर्चावयाचे आहेत, त्याने ही वेलांटी दुसऱ्यांना खुशाल घेऊ द्यावी.

आता परीक्षा. पहिली अट अशी की, वाद्य तारा चढवून पूर्ण सुरात लावलेले असले पाहिजे. तारा सैल सोडलेले मँडोलिन पाहून काहीही निष्कर्ष काढता येत नाही. पुष्कळदा विक्रेता सांगतो की, जपणुकीसाठी तारा सैल केल्या आहेत. तसे असेलही, परंतु ओझे उतरवून बसलेल्या हमालाकडे पाहून त्याला किती ओझे पेलते, हे कसे सांगणार? तारा गंजलेल्या असतील तर ग्राहकाने नव्या तारांचा एक संच स्वतःबरोबर न्यावा. खर्च अगदी थोडा. पण मेलेल्या तारांनी चांगले वाद्यही ठोकळ्यासारखे वाजते, आणि तेवढ्याच कारणाने ते नाकारले जाते. खोलगट पाठीच्या जुन्या वाद्यावर तारा अतिशय हलक्या चढवाव्यात. आजच्या बाजारातील नेहमीच्या जाड तारा चढवून अशी किती वाद्ये चाळीस-पन्नास वर्षांत बिघडविली गेली असतील, याची गणती नाही.

मग घोडीकडे पाहावे. मँडोलिनची घोडी चिकटविलेली नसते. ती केवळ तारांच्या दाबाने जागेवर उभी राहते. कोरीव घडणीच्या बहुतेक वाद्यांत तिच्या दोन्ही पायांशी लहान चाके असून ती फिरवून घोडी वर-खाली करता येते. या चाकांत वाद्याचा सारा पूर्वेतिहास लिहिलेला असतो, फक्त तो वाचता आला पाहिजे. बाराव्या पडद्याशी तार आणि पडदा यांत दीड ते दोन मिलिमीटर अंतर असावे. ते तितकेच आहे, पण त्यासाठी घोडी चाकांवर पार वरपर्यंत चढविली आहे, असे दिसले तर समजावे की, तिच्याखालची तबली खचली आहे. याउलट घोडी अगदी तळाशी बसविलेली आहे आणि तरीही तारा पडद्यांपासून तीन-चार मिलिमीटर उंच आहेत, असे असेल तर दांडी सांध्यापाशी ओढली जाऊन पुढे आली आहे. दोन्ही दुखणी गंभीर, परंतु त्यांचे उपचार आणि खर्च निराळे. घोडी मध्यावर आणि तारा योग्य उंचीवर असतील, तर वाद्याने आपले ओझे नीट पेलले आहे, असे बव्हंशी मानता येते. खोलगट पाठीच्या वाद्यात चाके नसतात. तेथे घोडीचे लाकूड खालून किती तासले आहे, ते पाहावे. तासून तासून ती काडीसारखी झाली असेल, तर दांडी पुढे येत गेली आणि प्रत्येक वेळी कोणीतरी रोगाऐवजी लक्षणावर इलाज केला, हे उघड आहे.

तबलीचे खचणे ताडून पाहण्यास आणखी एक साधा उपाय आहे. वाद्य डोळ्यांच्या रेषेत आडवे धरून खिडकीकडे पाहावे. कोरीव तबलीची फुगीर रेषा घोडीच्या दोन्ही बाजूंस सारखी उतरली पाहिजे. घोडीखाली ती बशीसारखी खोलगट दिसता कामा नये. ध्वनिछिद्रातून एक छोटा आरसा व विजेरी आत सरकवून तबलीच्या आतल्या आडपट्ट्या तपासाव्यात. त्या एका टोकाला सुटलेल्या असतील तर बोटाच्या पेराने तबलीवर हलकेच ठोकल्यावर सुस्पष्ट नादाऐवजी चिरका खुळखुळाट ऐकू येतो. सुटलेली आडपट्टी सरसाने बसविता येते. ते काम मोठे नाही. ध्वनिछिद्राच्या कडेशी आणखी एक गोष्ट कळते. लाकडाच्या रेषा वरच्या पृष्ठभागावरून कडेतून खालपर्यंत अखंड गेलेल्या दिसल्या, तर तबली एकसंध लाकडाची आहे. कडेला पापुद्रे दिसले, तर ती प्लायवूडची. प्लायवूडचे वाद्य टाकाऊच असते असे नव्हे. शिकणाऱ्याला ते काही वर्षे उत्तम साथ देऊ शकते. पण एकसंध लाकडाच्या वाद्याचा भाव त्याला देऊ नये.

भेगांनी लोक नको तितके घाबरतात. लाकडाच्या रेषेबरोबर गेलेली, नीट सांधलेली, आतून ठिगळे लावून पक्की केलेली जुनी भेग वाद्याच्या आवाजाला बहुधा काहीच करीत नाही. पण किंमत मात्र उतरविते, म्हणून सामान्य वादकाच्या दृष्टीने ती जवळजवळ वरदानच असते. जिच्या दोन कडा एका पातळीत नाहीत, किंवा जिच्यात धूळ न भरता आतले लाकूड ताजे, फिकट दिसते, ती भेग अद्याप वाढत आहे. लाकडाच्या रेषेला आडवी गेलेली भेग पडझडीची खूण असते. अशा वेळी दांडीचा सांधाही काळजीपूर्वक पाहावा.

दांडी सरळ आहे की नाही, हे पाहण्यासाठी एक तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरावी. ताणलेली तार ही सर्वांत खरी मोजपट्टी. तिच्याखाली मधल्या पडद्यांवर कागद सरकेल एवढी फट असावी. त्याहून बरीच अधिक असेल तर दांडी धनुष्यासारखी वाकली आहे. १९२० च्या दशकापासून गिब्सन कंपनीच्या वाद्यांत दांडीच्या पोटात पोलादी सळई घालण्यास सुरुवात झाली. ती पिळून असा बाक काढता येतो. सळई नसेल तर काम कारागिराचे. दांडीला पीळ बसला असेल, म्हणजे एका कडेचे पडदे वर आणि दुसरीचे खाली असे असेल, तर साध्या वाद्याच्या बाबतीत तेथेच नमस्कार करून निघावे.

राहिला सूर. बाराव्या पडद्यावर तार दाबून निघणारा स्वर आणि त्याच जागी बोट नुसते टेकवून काढलेला घंटेसारखा स्वर हे दोन्ही एकच असले पाहिजेत. नसतील तर वाद्य बेसूर आहे, असे लोक म्हणतात आणि विक्रेताही पुष्कळदा तसेच समजतो. येथे ग्राहकाने घाई करू नये. घोडी चिकटविलेली नसते, हे वर सांगितलेच आहे. तारा बदलताना ती अर्धा सेंटिमीटर जरी सरकली तरी सारे वाद्य बेसूर होते. दाबलेला स्वर चढा येत असेल तर घोडी किंचित मागे, उतरता येत असेल तर पुढे सरकवावी. कोणी 'हे कधीच सुरात वाजत नाही' म्हणून निम्म्या किमतीत काढलेले मँडोलिन दोन मिनिटांत ताळ्यावर येते, असा अनुभव वादकांना विरळा नाही. उलट घोडी कोठेही नेली तरी पहिल्या चार पडद्यांवर एक आणि वरच्या पडद्यांवर भलतेच, असे होत असेल, तर पडदेच चुकीच्या जागी बसविलेले असावेत. याला उपाय म्हणजे नवी दांडपट्टी.

या सर्व परीक्षेत खरे पणाला काय लागलेले असते? केवळ काही हजार रुपये नव्हेत. तारा चार मिलिमीटर उंच असलेल्या मँडोलिनवर शिकू लागलेल्या मुलाची बोटे पहिल्या आठवड्यात सुजतात, दुसऱ्या महिन्यात स्वर जुळत नाहीत, आणि सहाव्या महिन्यात घरातील सर्वांचे एकमत होते की, मुलाला संगीताचे अंग नाही. दोष वाद्याचा असतो, निकाल मात्र मुलावर लागतो. ज्या घरात एकदाच वाद्य घेण्याइतके पैसे साठतात, त्या घरात हा निकाल सहसा फिरत नाही.

किमतीचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. समजा, तशाच जातीचे, धडधाकट, वाजते वाद्य पंधरा हजार रुपयांना मिळते. समोरच्या वाद्याचे पडदे झिजलेले असून ते बदलण्यास कारागीर चार हजार सांगतो. विक्रेता बारा हजार मागतो आणि 'थोडे काम आहे' म्हणतो. बारा आणि चार सोळा झाले. म्हणजे ग्राहक दुरुस्तीची कटकट पत्करून वर एक हजार दंड भरणार. येथे अकरा ही मर्यादा झाली, आणि दुरुस्तीत आणखी काही निघण्याचा धोका ध्यानी घेता दहा हजार हा रास्त भाव ठरतो. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. बाजारभाव गावागणिक आणि वर्षागणिक बदलतो. परंतु रीत बदलत नाही. साध्या, स्वस्त वाद्याची दांडी सांध्यातून काढून पुन्हा बसविण्याचा खर्च त्या वाद्याच्या किमतीहून अधिक होतो, आणि म्हणून अशा वाद्याला भिंतीवरील शोभेच्या वस्तूइतकाच भाव द्यावा.

वय आणि नाव यांविषयी लोकांत मोठा गैरसमज आहे. शंभर वर्षांपूर्वीचे म्हणून वाद्य महाग, असे नसते. वर सांगितलेले शिकागोचे 'बटाट्याचे किडे' शंभरी ओलांडूनही अमेरिकेत बहुधा स्वस्तातच मिळतात, कारण ते पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेक धड वाजत नाहीत. नावाचे मोल मात्र कधीकधी थक्क करणारे असते. गिब्सन कंपनीत १९२२ ते १९२४ या काळात लॉइड लोअर या ध्वनितज्ज्ञाच्या देखरेखीखाली 'एफ-५' नावाची काही शेच मँडोलिने तयार झाली आणि त्यांच्या आतील चिठ्ठीवर त्याने तारखेसह सही केली. अशा वाद्यांना आज एक लाख डॉलरहून अधिक भाव येतो. त्यांतलेच ९ जुलै १९२३ या तारखेचे एक वाद्य बिल मन्रो या अमेरिकन लोकसंगीतकाराने १९४० च्या दशकात फ्लॉरिडातील एका केशकर्तनालयात पाहिले आणि दीडशे डॉलरना विकत घेतले. त्यावर त्याने 'ब्लूग्रास' ही संगीताची एक नवी शाखाच उभी केली. पुढे त्याने चाकूने त्याच्या डोक्यावरील कंपनीचे नाव खरवडून काढले, रोगणही बरेचसे गेले; १९८५ मध्ये कोणी घरात शिरून लोखंडी सळईने त्याच्या ठिकऱ्या केल्या आणि कारागिरांनी त्या महिनोन् महिने जुळवून वाद्य पुन्हा उभे केले. मन्रोच्या मृत्यूनंतर तेच वाद्य दहा लाखांहून अधिक डॉलरना गेले. हा भाव अर्थातच लाकडाचा नाही, त्या माणसाचा आहे. सामान्य ग्राहकाने यावरून एवढेच ध्यानात घ्यावे की, संग्राहकाची किंमत आणि वादकाची किंमत ही दोन वेगळी गणिते आहेत. जुन्या नामांकित वाद्याचे मूळ रोगण काढून कोणी नवे चकचकीत रोगण दिले असेल, तर संग्राहकाच्या लेखी त्याचे मोल जवळजवळ निम्म्यावर येते. वाजविणाऱ्याला मात्र तेच वाद्य, तेवढ्याच सुरेल आवाजासह, अर्ध्या भावात मिळते.

चिठ्ठ्या नव्याने चिकटविता येतात, हेही विसरू नये. चिठ्ठी जे सांगते, तेच लाकूड सांगते काय, हे ताडून पाहावे. १९१५ सालची चिठ्ठी असलेल्या गिब्सनच्या दांडीत पोलादी सळई आढळली, तर दोहोंपैकी एक खोटे आहे, किंवा दांडी मागाहून बदललेली आहे.

आपल्या देशात या परीक्षेला आणखी दोन गोष्टी जोडाव्या लागतात. पहिली हवा. मुंबई, गोवा किंवा केरळ येथील चार पावसाळे सरसाच्या सांध्यांना जे करतात, ते कोरड्या प्रदेशातील चाळीस वर्षे करीत नाहीत. किनारपट्टीवरील घरातून आलेल्या वाद्याच्या कडा, विशेषतः खोलगट पाठीच्या फाकांमधील सांधे, नखाने चाचपून पाहावेत. दुसरी गोष्ट वादनाची. मँडोलिन हिंदी चित्रपटसंगीताने घरोघरी पोहोचविले. सज्जाद हुसेन यांनी त्यावर राग वाजवून दाखविले. लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्यापूर्वी मँडोलिनवादक होते. पुढे आंध्रातील पालकोल्लू येथे जन्मलेल्या यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी कर्नाटक संगीतातील गमकांसाठी तारांच्या जोड्या काढून टाकल्या आणि पाच एकेरी तारांचे, विजेवर चालणारे भरीव मँडोलिन स्वीकारले. भरीव वाद्याला पोकळ पेटी नाही, म्हणून तबली खचण्याचा प्रश्नच नाही. तेथे दांडी, पडदे आणि विजेची जोडणी एवढेच पाहावयाचे. तार आडवी ओढून मींड काढणाऱ्याच्या हातून आलेल्या वाद्याचे पडदे अधिक झिजतात. पडद्यांवरील खळगे कोठे आहेत यावरून मागील धन्याचे वादन कोणत्या जातीचे होते, हे जाणकार सांगू शकतो.

सिंथेसायझर आल्यानंतर मुंबईच्या चित्रपटसंगीतातील मोठे वाद्यवृंद आकसले. अशा एखाद्या वादकाच्या पश्चात त्याचे मँडोलिन घरातील मंडळी विकावयास काढतात. त्यांना ते केवळ माळ्यावरचे एक जुने वाद्य वाटते आणि पहिला जो येईल त्याने सांगितलेला भाव त्या घेतात. घासाघीस करण्यात गैर काही नाही; परंतु ज्याला आत सहीची चिठ्ठी दिसली आणि जो ती न वाचल्यासारखी करून दोन हजार पुढे करतो, त्याच्या वागण्याला घासाघीस म्हणत नाहीत. वाद्याची परीक्षा करणाऱ्याने आपण काय पाहत आहोत, हे मोठ्याने बोलत जावे. भेग दिसली तर भेग दाखवावी, चांगले लाकूड दिसले तर तेही सांगावे. अशाने कधी चार पैसे अधिक जातात, आणि पुष्कळदा घरातील कोणीतरी आतून दुरुस्तीची जुनी पावती, मूळ घोडी किंवा निखळलेली शिंपल्याची टिकली आणून देते.

व्यवहार ठरत आला की एकच विनंती करावी. वाद्य पूर्ण सुरात लावावे, बाराव्या पडद्याशी तारेची उंची मोजून कागदावर लिहावी, आणि ते तसेच विक्रेत्याच्या घरी एक रात्र ठेवावे. दुसऱ्या दिवशी नव्या तारा थोड्या उतरलेल्या असतील. त्या पुन्हा चढवाव्यात आणि उंची पुन्हा मोजावी. कागदावरील आकडा आणि आजचा आकडा एकच निघाला, तर पैसे मोजावयास हरकत नाही.